हाताला सवय होते

क्रूझरवर बसलं की पाय पुढे जातात, पाठ किंचित मागे रेलते आणि हँडल आपणहून हाताशी येतं. सीट इतकी बुटकी असते की दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतात. मी अ‍ॅव्हेंजर २२० घेतली ती मुख्यतः एवढ्यासाठी. तिची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर आहे. इतर बहुतेक गाड्यांवर मला चवड्यांवर उभं राहावं लागायचं. साताऱ्यासारख्या चढउताराच्या गावात, ओल्या रस्त्यावर, मागे कुणी बसलेलं असताना पाय नीट टेकायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

ही घडण मूळची अमेरिकेतली. १९०३ मध्ये सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसनसारख्या कारखान्यांनी तिथल्या लांबच लांब सरळ रस्त्यांसाठी अशा गाड्या घडवल्या. पुढचा फोर्क तिरका, दोन चाकांमधलं अंतर जास्त, इंजिन कमी फेऱ्यांवर निवांत ओढणारं. पुढे जपानी कंपन्यांनी हे वळण उचललं. कावासाकीची एलिमिनेटर बजाजने २००१ मध्ये आपल्याकडे आणली आणि तिच्याच चणीवर २००५ मध्ये अ‍ॅव्हेंजर आली. सरळ रस्त्यासाठी जन्मलेली ही जात आता कुंभार्ली आणि आंबेनळीसारख्या घाटांत वळणं घेत फिरते, आणि बरी फिरते.

पण मला लिहायचं आहे ते तिच्या निगेबद्दल. इतकी वर्षं गाडी चालवून आणि मेस्त्रींच्या शेजारी उकिडवं बसून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. मोटारसायकल एका दिवसात बिघडत नाही. ती रोज केसभर झिजते आणि आपला हात, पाय, कान रोज केसभर तिच्याशी जुळवून घेतात. ब्रेक जरा उशिरा लागतो, तर आपण जरा आधी दाबायला लागतो. क्लच जड होतो, तर बोटं जरा जास्त जोर लावतात. हे आपल्या नकळत होतं. म्हणून रोज चालवणाऱ्याला गाडीची खरी अवस्था सगळ्यात शेवटी कळते. आणि क्रूझर तर स्वभावानेच निवांत. ती तारस्वरात ओरडत नाही, अंग ताणायला लावत नाही. तिच्या आरामात तिच्या तक्रारी मुरून जातात. ‘वाजायला लागली की दाखवू’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. वाजेपर्यंत थांबायचं म्हणजे निम्मी झीज आधीच पदरात घेतली.

ब्रेकचंच बघा. पुढच्या चाकाला डिस्क असते. लिव्हर दाबला की नळीतलं तेल कॅलिपरमधला दट्ट्या पुढे ढकलतं, पॅड डिस्कला घासतात. पॅड झिजले की दट्ट्या तेवढा आणखी बाहेर येऊन बसतो, म्हणून लिव्हरचा प्रवास बदलत नाही. पॅड नखाएवढा पातळ होईपर्यंत हाताला फरक कळतच नाही. कळतो तो हँडलवरच्या छोट्या डबीत: दट्ट्या बाहेर आला की त्यामागची जागा भरायला तेल खाली उतरतं आणि डबीतली पातळी घटते. ती पातळी घटली म्हणून वरून तेल ओतून मोकळं होणारे मला अनेकदा दिसतात. त्यांनी गाडीने दिलेली एकमेव खूण पुसून टाकलेली असते. पातळी उतरली की आधी खाली वाकून पॅड बघावेत, गळती बघावी. ओतायचं काय ते नंतर.

त्या तेलाची आणखी एक गोष्ट आहे. ते हवेतली ओल शोषतं. बंद नळीतसुद्धा, रबरातून, हळूहळू. डॉट ४ प्रतीचं कोरडं, नवं तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ओल शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. गावातल्या रस्त्यांवर या फरकाने काही बिघडत नाही. पण महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे आणि आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला पोचलं की आपण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आलेलो असतो. ती सगळी उंची कुठेतरी उष्णता होऊन जायला हवी. जो उतारभर ब्रेक दाबून येतो त्याच्या बाबतीत ती डिस्कमध्ये, पॅडमध्ये आणि त्यांच्यामागच्या तेलात जाते. तेलातलं पाणी उकळून वाफ झाली की लिव्हर ढिल्या कणकेसारखा आत जातो, कारण वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा, इंजिनाला गाडी धरू द्यायची आणि ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलायचं. ते स्वच्छ दिसत असलं तरी, ब्रेक छान लागत असला तरी. गेल्या उन्हाळ्यात छान लागला होता यावरून येत्या उन्हाळ्यातल्या घाटाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मागचा ब्रेक ड्रमचा. तिथे लायनर झिजला की पायाला फरक कळतो, पण तोही सवयीत जिरतो. पायाखालचा पेडल आज जेवढा खाली जातो तेवढाच तो नेहमी जायचा असं वाटत राहतं. क्रूझरवर तर पाय पुढे असल्यामुळे टाच टेकवून आख्ख्या पावलाने ब्रेक दाबायची लकब पडते आणि पावलात ताकद भरपूर. मागच्या सळईवरचा नट मी म्हणूनच ठरावीक अंतराने तपासते, गरज वाटली म्हणून कधीच नाही.

आता साखळी. या गाड्यांच्या निगेत साखळीइतकं वेळ मागणारं दुसरं काही नाही, आणि मला सगळ्यात आवडणारं कामही तेच आहे. क्रूझरची चाकं एकमेकांपासून लांब, म्हणून साखळीही लांब. साखळी ताणली गेली असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं लांबत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची बुश झिजते, तिथे सुताएवढीही नाही अशी फट पडते, आणि शंभराहून जास्त कड्यांमधल्या फटी एकत्र झाल्या की साखळी लोंबते. ती झीज सगळीकडे सारखी नसते. एका जागी साखळी सैल, चाक अर्धा फेर फिरवलं की तीच ताठ. म्हणून एकाच जागी बोट लावून अंदाज घेणं पुरेसं नाही. चाक थोडं थोडं फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि तिथे खालची बाजू वरखाली करून ती मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढी हलते का, हे बघायचं. सैल जागी घट्ट केली तर ताठ जागा गिअरबॉक्सच्या शाफ्टला आणि चाकाच्या बेअरिंगला ओढत बसते. बुटक्या गाडीला डबल स्टँड नाही, त्यामुळे हे सगळं साइड स्टँडवर, गाडी वीतभर पुढे ढकलत, पुन्हा बसत करावं लागतं. दोघं असली तर लवकर होतं. एकटीने केलं तर जास्त नीट होतं, असा माझा अनुभव आहे.

माझ्या आजोळी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी व्हायची. बैलाच्या खांद्यावर, जिथे वर्षभर जू घासलेलं असतं नेमकं तिथे, लोणी आणि हळद चोळायची. शिंगं रंगवणं, झूल घालणं हा दुसऱ्या दिवसाचा थाट. पण आधी हात जायचा तो ओझं वाहणाऱ्या जागेवर. साखळीला तेल देताना मला दरवेळी ते आठवतं. ओ-रिंगच्या साखळीत आतलं ग्रीस छोट्या रबरी कड्यांनी कोंडलेलं असतं. तिथे पेट्रोल वापरायचं नाही, तारेचा ब्रश तर मुळीच नाही; रबर गेलं की ग्रीस गेलं, ग्रीस गेलं की साखळी गेली. रॉकेल सोडलेलं फडकं, मऊ ब्रश, मग कोरडं पुसणं. त्यानंतर आतल्या अंगाने, म्हणजे दातेरी चाकाला टेकणाऱ्या बाजूने, ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब. आतून दिलं म्हणजे साखळी फिरताना तेल बाहेरच्या अंगाकडे सरकतं; बाहेरून दिलं तर ते मागच्या रिमवर आणि पँटवर उडतं. हे काम गाडी फिरून आल्यावर, साखळी कोमट असताना करावं आणि रात्रभर तेल मुरू द्यावं. सकाळी निघायच्या घाईत दिलेलं तेल पहिल्या दोन किलोमीटरमध्ये रस्त्यावर जातं.

इंजिन ऑइलबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल सगळेच बोलतात. मोटारसायकलच्या पोटात तेल जेमतेम लिटरभर असतं आणि त्या एका तेलात इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा तिघंही बुडालेली असतात. कारसाठीच्या पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. ती क्लचला नको असतात, कारण क्लचचं सगळं काम घर्षणावरच चालतं. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ ही खूण बघायची. ‘एमबी’ ही खूण स्कूटरसाठी. तेल महाग आहे की स्वस्त, हा त्यानंतरचा प्रश्न. आणि गाडी फार चालली नाही म्हणून तेल वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं नाही. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आत साचलेली ओल उडून जात नाही. अशा गाडीचं तेल लांबच्या प्रवासाच्या गाडीपेक्षा लवकर वाईट होतं.

चाकांना आरे आहेत, तिथे कान लागतो. आमचे मेस्त्री चाक अधांतरी करून फिरवतात आणि लहान पान्याने एकेका आऱ्यावर टिचकी मारत जातात. घट्ट आरा खणखणतो, ढिला पडलेला बद्द वाजतो. एका चाकातला बद्द आवाज त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवला तेव्हा मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. ते म्हणाले, “ताई, डोळे मिटा.” डोळे मिटले आणि ऐकू आलं. ढिला आरा शेजारच्या आऱ्यांवर भार टाकतो, मग तेही ढिले पडतात, चाकाला आउट येतो. यांतलं काहीच हँडलवर लवकर जाणवत नाही. टायरचंही तसंच. पाठ मागे रेलल्याने बसणाऱ्याचं वजन जास्त करून मागच्या चाकावर पडतं आणि महामार्गावर सरळ पळून पळून मागचा टायर मधोमध सपाट होतो. गोल असायला हवा त्या टायरला मग दोन कडा येतात. वळणात गाडी झुकवताना ती त्या कडेवर क्षणभर अडते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. चालवणारा म्हणतो, क्रूझर वळणाला जडच असते. जड असते हे खरं, पण इतकी नाही.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी झीज हँडलच्या कोनसेटची. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्यातल्या गोळ्या त्यांच्या वाटीत बसलेल्या असतात. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, म्हणजे गोळ्या बहुतेक वेळ त्याच त्या जागी. प्रत्येक खड्डा त्या जागीच हातोडा मारतो. काही वर्षांत वाटीत बारीक खळगे पडतात आणि हँडल सरळ झालं की गोळ्या त्या खळग्यांत अलगद बसतात. आता गंमत अशी की चालवणाऱ्याला हे सुख वाटतं. गाडी किती सरळ जाते, हँडल सोडलं तरी हलत नाही! माझा एक आत्तेभाऊ त्याच्या क्रूझरचं हेच कौतुक सांगायचा. मेस्त्रींनी पुढचं चाक उचलून धरलं आणि त्याला दोन बोटांनी हँडल हळूच फिरवायला सांगितलं. मधोमध आल्यावर ते ‘टक्’ करून बसत होतं. कोनसेट बदलला. चार दिवसांनी आत्तेभाऊ तक्रार घेऊन परत आला: गाडी डुगडुगते, पूर्वीसारखी स्थिर राहिली नाही, तुम्ही काहीतरी ढिलं ठेवलंय. मेस्त्रींनी पुन्हा चाक उचलून सगळं तपासलं आणि म्हणाले, “भाऊ, गाडी सरळ झाली, आता तुमचा हात सरळ व्हायचाय. आठ दिवस चालवा.” आठ दिवसांनी तो काही बोलला नाही, पण तेव्हापासून हँडलचा कौतुकसोहळा बंद आहे आणि घाटात तो पूर्वीपेक्षा मोकळेपणाने वळतो, हे मी मागून येताना पाहिलं आहे.

बिघाड इतका अंगवळणी पडतो की दुरुस्ती हाच बिघाड वाटायला लागतो. यावर उपाय म्हणून मी वही ठेवते. तिच्यात भावना नसतात: तारीख, किलोमीटर, काय केलं, काय पुढच्या वेळी. तेल, प्लग, हवा, साखळी, पॅड. या इंजिनाला दोन प्लग आहेत; एक सहज हाताशी येतो, म्हणून दुसरा विसरला जातो. वहीत दोन्हींसाठी वेगळी ओळ आहे. या गाडीला किक नाही, नुसता बटण स्टार्टर. बॅटरी गेली तर घाटात ढकलत बसायचं. त्यामुळे बॅटरीचे व्होल्ट मीटरने मोजून लिहिते. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ किंवा त्याहून थोडे जास्त असले की समाधान, १२.४ च्या खाली गेले की चार्जर. शिशाच्या प्लेटांवर सल्फेट एकदा कडक बसलं की ते उतरत नाही, आणि ते बसतं ते उपाशी बॅटरीतच.

अलीकडे वहीत पेट्रोलची ओळ वाढली आहे. आमच्या जिल्ह्यात उसाचे फड आणि साखर कारखाने सगळीकडे. त्याच उसापासून निघालेलं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं याचा मला आनंद आहे. पण एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या या मिश्रणासाठी केलेल्या आहेत, माझी कार्बोरेटरची जुनी गाडी नाही. इथेनॉल पाण्याला जवळ करतं. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल उतरते, इथेनॉल ती सामावून घेतं, आणि फार झाली की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळी होऊन टाकीच्या तळाशी बसतात. तळ लोखंडाचा. पेट्रोलची नळी, कार्बोरेटरमधले रबरी वॉशर यांनाही ते मानवत नाही. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर मी टाकी काठोकाठ भरते, कॉक बंद करते, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून त्यातलं पेट्रोल काढून टाकते आणि नळ्या दरवर्षी वाकवून बघते, कुठे चिरा आहेत का.

क्रोमबद्दल मी लिहिलं नाही असं कुणी म्हणायला नको. क्रूझर घेणारा आधी क्रोमच्या प्रेमात पडतो, आणि प्रेमात पडण्यासारखंच ते असतं. गुहागर, हर्णै, मुरुड करून आलं की त्यावरचं खारं पाणी त्याच दिवशी गोड्या पाण्याने काढलं पाहिजे. क्रोम स्वतः गंजत नाही. त्याचा थर फार पातळ असतो, त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात, त्यातून खारं पाणी खालच्या लोखंडापर्यंत पोचतं आणि गंज आतून वर येतो. पुसून, कोरडं करून वॅक्सचा हात द्यावा. फक्त धुताना जोराच्या पाण्याचा फवारा चाकाच्या मध्यावर, कोनसेटवर आणि साखळीवर मारू देऊ नये. मी धुणाऱ्या पोराला तिथे बोट दाखवून सांगते आणि तो ऐकतो.

वही पुष्कळ सांगते, पण हाताला काय जाणवतं ते वहीत येत नाही. त्यासाठी मी दर काही महिन्यांनी गाडी माझ्या भाचीला चालवायला देते. ती कऱ्हाडला शिकते, तिचा हात स्कूटर आणि मित्रमैत्रिणींच्या गाड्यांवर बसलेला, माझ्या गाडीची त्याला सवय नाही. ती अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने वर जाऊन येते आणि मी तिला फक्त एवढंच विचारते: काय खटकलं? गेल्या वेळी ती हेल्मेट काढत म्हणाली, “मावशी, क्लच केवढा जड झालाय! तुला दुखत नाही का मनगट?” मला दुखत नव्हतं. मी लिव्हर दाबून पाहिला, तो मला नेहमीसारखाच वाटला. तरी तिच्या शब्दावर भरवसा ठेवून लिव्हरचा बोल्ट काढला, केबलचं टोक सोडवलं. टोकाच्या गोळीपाशी तारेचे काही पदर तुटून बाहेर आले होते आणि केबलच्या आवरणात घासत होते. उरलेले पदर किती दिवस टिकले असते सांगता येत नाही. नवी केबल आणली, आत तेल सोडलं, वरच्या नटाने लिव्हरला थोडी मोकळीक ठेवली आणि आणखी एक जादा केबल तिच्याच वाटेने बाजूला टेपने बांधून ठेवली, म्हणजे रस्त्यात तुटली तर टाकी न उचलता नुसती दोन टोकं जोडायची. ती बांधताना भाचीने फ्रेमजवळ टॉर्च धरला होता. मग तिने मागचा ब्रेकही दाबून बघितला आणि तोंड वाकडं केलं, तेव्हा आम्ही तेरा नंबरचा पाना पुन्हा पेटीतून काढला.